हलव्याचा काटा

अभिरामने परातीतल्या हलव्यावर चमचाभर पाक सोडला आणि बोटांनी दाणे हलवत राहिला. शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पांघरलेली होती. आच वाढली की काटा धरत नाही. चार दिवस तो असाच बसत होता, तेव्हा कुठे तिळांवर पांढरे, बारीक काटे फुटू लागले होते.

“भाऊजी, चहा.” यशश्रीने कप जवळ ठेवला. तिच्या कडेवरची तन्वी काकाकडे झेपावली.

“नको गं बाई, हात चिकट आहेत,” म्हणत त्याने गाल पुढे केला. तन्वीने तो दोन्ही हातांनी बडवला.

आतल्या खोलीत यशश्रीच्या सासूबाईंनी, पद्माबाईंनी, टीव्ही लावला होता. गुन्ह्यांच्या मालिकेचा शनिवारचाच भाग पुन्हा दाखवत होते. गल्लीतल्या घराघरात तो बघून झाला होता. इस्पितळातून सुटलेला एक माणूस गोळ्यांची पट्टी खिडकीबाहेर फेकतो, आरशात बघून हसतो आणि गल्लीतल्या पोरांना मिठाई वाटतो. मग ते संगीत. मग इन्स्पेक्टरचं वाक्य, “साइको है, सर।”

पद्माबाईंनी घाईघाईने आवाज कमी केला. अभिरामची बोटं परातीत थांबली होती.

“राहू दे ना, आई. पुढे काय होतं ते तरी कळू दे.”

“काय होणार मेलं! रोजचंच.” त्यांनी भजन लावलं.

सहा वर्षांपूर्वी एक महिना अभिराम भिंतीशी बोलत असे आणि आपल्या पानातलं जेवण मुंग्यांना घालत असे. तेव्हाही त्याने कुणावर हात उगारला नव्हता. तेव्हापासून दर महिन्याला तो कंपू भागातल्या डॉक्टरांकडे स्वतः जाई, गोळ्या स्वतः घेई. पण गल्लीने पाहिला होता तो त्याला गाडीत घालून नेलं तो दिवस.

संध्याकाळी यशश्रीचा नवरा अंबरीश चपला काढता काढता तिला म्हणाला, “उद्या बोरन्हाणाला बायका येतील. अभिला खोलीतच बसू दे. कशाला उगाच?”

“बसतील ते. पण दागिने कुणी केलेत ते मी सगळ्यांना सांगणार आहे.”

“सांग. देख लेना मग.”

यशश्री तन्वीच्या काळ्या फ्रॉकवर हलव्याचा हार ठेवून बघत राहिली. एकदा तरी लोकांनी भाऊजींना या हातांवरून ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन सतरंजीवर आलं तेव्हा गल्लीतल्या लीलाताईंनी तन्वीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. पोरं तुटून पडली. तन्वी हलव्याचा मुकुट सावरत, भेदरून, मग हसून बघत होती.

“अगं, कित्ती प्यारे दागिने!” शेजारची गरिमा म्हणाली. “बाजारातून आणले का?”

“अभिराम भाऊजींनी केलेत. हलवासुद्धा घरचा. चार दिवस शेगडीपाशी बसून.”

“हो?” गरिमा म्हणाली. “अच्छा.”

यशश्रीने हाराचा दोरा तोडला, दाणे ताटलीत घेतले आणि मुलांच्या हातांवर ठेवत गेली. गरिमाच्या अंशुलने लगेच तोंडात टाकले. गरिमाने त्याला जवळ ओढलं, तोंडात बोट घालून दाणे काढले आणि रुमालात गुंडाळले.

“सर्दी झालीय ना याला,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

“मी आपली घरी जाऊन खाईन हो,” लीलाताईंनी पदराला गाठ मारली. बाकीच्या मुलांच्या मुठी त्यांच्या आयांनी हळूच उघडल्या.

सगळ्या गेल्यावर यशश्रीला खिडकीच्या कठड्यावर, तुळशीच्या कुंडीत, सतरंजीच्या कडेखाली पांढरे दाणे सापडले. कठड्यावरचे तिने वाटीत भरले. वाटी पदराआड धरून, तन्वीला कडेवर घेऊन ती अभिरामच्या खोलीत गेली.

“मुलांनी खाल्लं?” त्याने विचारलं.

“संपवलं सगळं.”

“वहिनी, दार उघडंच होतं.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. वाटी मध्ये ठेवली.

“बरंच झालं, नाही खाल्लं ते,” तो म्हणाला. “काल दुपारपासून मला आठवेचना. पाकात साखरच घातली होती ना मी? दुसरं काही नाही ना? चाखून बघितलं. तीनदा बघितलं. तरी खात्री होईना.”

“भाऊजी, मी तिथेच तर होते.”

“सगळा वेळ नव्हतात.”

तन्वीने वाटीकडे हात लांबवला. अभिरामने वाटी पटकन मागे ओढली. इतकी जोरात, की थोडे दाणे चादरीवर सांडले.

“हिला नको.”

यशश्रीने त्याच्या हातातून वाटी घेतली. मूठभर हलवा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली. मग आणखी एक मूठ.

अभिराम तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, श्वास रोखून, तिला काही होतंय का ते.