साडेअकराची वेळ

“मग आज साडेअकरा दोनदा वाजणार ना?” कुल्याशने विचारलं.

येर्देनने तळलेल्या बाउरसाक पावाचा तुकडा चहात बुडवला. “वाजू देत की, आपाय. कुणाचं काय बिघडतंय?”

“तुझ्या केझेकचं बिघडतंय.”

येर्देनचा हात तिथेच थांबला आणि तुकडा चहात भिजून तळाशी गेला. केझेक म्हणजे त्याचा जीव की प्राण. एका मोफत, सगळ्यांना खुल्या असलेल्या डेटाबेससाठी त्याने लिहिलेला हा छोटा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम तो आपलं आपण उरकणार. त्यात ना चित्रं, ना बटणं. ती ओळ लिहायची कशी, हे सांगणारं मॅन्युअल नसतं तर केझेक येर्देनशिवाय कुणालाच चालवता आला नसता. आणि ते एकशे बारा पानांचं कझाक मॅन्युअल लिहिलं होतं कुल्याशने.

कुल्याश अठ्ठावन्न वर्षांची, म्हणून सगळ्यांची ‘आपाय’, म्हणजे ताई. कारागांडाजवळच्या एका कोळसा खाणीत सव्वीस वर्षं तिने बिल्ले सांभाळले. खाली उतरताना प्रत्येकाने फळ्यावरून आपला पितळी बिल्ला काढून न्यायचा, वर आला की परत टांगायचा. खिळा रिकामा दिसला की समजायचं, माणूस अजून खाली आहे. खाण बंद पडल्यावर तिच्या बरोबरीच्या बायका नातवंडं सांभाळू लागल्या, ही बाई संगणकाच्या वर्गात जाऊन बसली. येर्देनकडे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, “आधीचं काम खालीच असेल आणि दुसऱ्याची वेळ झाली, तर?” ह्याच प्रश्नाशी येर्देन दोन महिने डोकं आपटत होता. त्या दिवसापासून तो तिला वचकून असायचा, आणि तिच्या प्रश्नांना कंटाळायचाही.

आजचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नव्हता. सरकारने साऱ्या कझाकस्तानची वेळ एक करायचं ठरवलं होतं. आज, एकोणतीस फेब्रुवारीला, रात्री बारा वाजले की इकडची घड्याळं तासभर मागे जाऊन पुन्हा अकरा वाजणार होते.

“अहो, पण साडेअकराला कोण काम लावतंय?” येर्देन म्हणाला.

“बघ की.”

केझेक वापरणारे लोक अडचणी विचारताना आपापल्या ओळी चर्चेच्या पानावर टाकत. येर्देन त्या मोजू लागला. आधी हसला. मग हसायचा थांबला.

“चाळीसपैकी एकतीस जणांनी साडेअकराच लावलेत. आपाय, तुमचं चौदाव्या पानावरचं उदाहरण लोकांनी जसंच्या तसं उचललंय!”

कुल्याशने ते ऐकलं आणि फोन हातात घेतला. एकतीस जणांतल्या एकीलाच ती ओळखत होती. रिस्ती, तिकडे गवताळ प्रदेशातल्या एका खेड्याच्या दवाखान्यात नोंदी ठेवणारी परिचारिका. मॅन्युअल वाचून पत्र पाठवणारी तीच एकटी. सोबत खारवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवीही तिने धाडली होती.

“रिस्ती, तुझं रोजचं काम किती वाजता लावलंयस गं?”

“तुम्ही सांगितलंत तेव्हाच की, साडेअकराला!”

“मी कुठे सांगितलं? ते नुसतं उदाहरण होतं.”

“आता मला काय ठाऊक! मला वाटलं, याला तीच वेळ लागते. मी तर शेजारच्या दवाखान्यालाही सांगितलं, बाई, साडेअकराच लाव, दुसरी वेळ त्याला मानवत नाही.”

कुल्याशला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. “ते काम करतं तरी काय?”

“रुग्णांच्या यादीतला सगळ्यांत वरचा दिवस ‘तपासून झाला’ म्हणून काढून टाकतं. मग पुढचा दिवस वर येतो.”

“आणि पुढच्या दिवसात कोण आहे?”

“उद्या ना? उद्या हृदयाचे डॉक्टर यायचेत शहरातून. तीन महिन्यांनी येतायत. सतरा जण आहेत. आमचे दोसान आजोबा तर कालच येऊन बसलेत लेकीकडे, चार पायऱ्या चढले की धापा टाकतात.”

“यादीत नाव नसलं तर?”

“तर डॉक्टर बघत नाहीत. यादी रिकामी दिसली तर गाडीतून उतरणारही नाहीत, तसेच पुढच्या गावाला जातील. का हो, आपाय?”

कुल्याश खुर्चीत बसली. पहिले साडेअकरा आजची माणसं काढणार, दुसरे साडेअकरा उद्याची सतरा. आणि हे सगळं तिनेच लिहिलेल्या एका ओळीमुळे.

“काही नाही. मी सांगते तसं टाइप कर. साडेअकरा काढ, रात्रीचे दहा घाल.”

“घातले. हे काय, चूक म्हणतोय!”

“मध्ये एकच टिंब दिलंस ना? दोन दे, एकाखाली एक. आता वाच मला.”

रिस्तीने एकेक अक्षर वाचून दाखवलं. कुल्याशने तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं, शेजारच्या दवाखान्याचा नंबर घेतला, आणि तिथेही तेच केलं. उरलेल्यांसाठी चर्चेच्या पानावर मोठ्या अक्षरांत सूचना टाकली. कोण वाचेल, कोण नाही, देव जाणे.

मागे वळून पाहते तर येर्देन मान खाली घालून उभा.

“ऑक्टोबरात तुम्ही लिहिला होता तो परिच्छेद. घड्याळ मागे गेलं तर काय होईल म्हणून. मीच काढायला लावला. म्हटलं, आपल्या देशात घड्याळं मागेपुढे करणं कधीच बंद झालंय.”

“हो, तूच.”

“मग ओरडा ना जरा माझ्यावर.”

“सव्वीस वर्षं माणसं मोजलीत मी. ओरडल्याने कुणी वर येत नाही.” तिने त्याचा गार झालेला कप सरकवला. “बस. केझेकला एक बिल्ला दे. त्या तारखेचं काम झालं की त्याने बिल्ला टांगायचा. बिल्ला टांगलेला दिसला की त्या तारखेला पुन्हा खाली सोडायचं नाही, घड्याळ काहीही म्हणो. जमेल?”

“जमेल,” येर्देन म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने ते जमवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुल्याशने कुठल्याच कामाला हात लावला नाही. फोन समोर ठेवून बसून राहिली. अकराला तो वाजला.

“सतराच्या सतरा, आपाय!” रिस्ती ओरडत होती. “दोसान आजोबांना तर डॉक्टर सोबतच घेऊन चाललेत, शहरातल्या इस्पितळात. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं. तुम्हाला गोळ्या पाठवते हं, ह्या वेळी मोठी पिशवी!”

कुल्याशने फोन ठेवला आणि रुमालाने डोळे पुसले. येर्देनने चर्चेचं पान उघडलं. सूचना न वाचलेल्या एका वाचनालयात, अजून कुणी परत न केलेली सगळी पुस्तकं रातोरात परत आल्याची नोंद झाली होती. सुधारलेला केझेक वेळेत न घेतलेल्या आणखी दोघांची कामं दोनदा झाली होती. कुल्याशने प्रत्येकाची माफी मागितली, आपल्या नावानिशी.

मग तिने चौदावं पान उघडलं.

“साडेअकराच का घेतले होते हो तेव्हा?” येर्देनने विचारलं.

“तोलेगेन खाणीतल्या दुसऱ्या पाळीवरून साडेअकराला घरी यायचा. मला पहाटे कामावर जायचं असायचं, तरी मी जागी राहायचे. चहा तयार असायचा. एकोणीस वर्षं.” ती पडद्याकडेच बघत होती. “उदाहरणाला कुठली तरी वेळ हवी होती. हात आपोआप तिकडे गेला.”

एका रात्री तिचा नवरा तोलेगेन घरी आलाच नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पहाटे ती कामावर गेली तेव्हा फळ्यावरचा त्याचा, ११८४ चा, खिळा रिकामा होता. तिसऱ्या दिवशी त्याला वर आणलं, बिल्ला तिच्या हातात दिला. तो तिने फळ्यावर टांगला नाही. कुणी मागितलाही नाही.

तिने साडेअकराचे आकडे पुसले. बराच वेळ ती जागा तशीच कोरी राहिली.

“चार दहा,” ती म्हणाली आणि टाइप केलं.

“ही वेळ कुणाची?”

“कुणाचीच नाही.”

पान जतन झाल्याचं पडद्यावर उमटलं. कुल्याशने टेबलाचा खण उघडला आणि सुयांच्या डब्याखालून तो पितळी बिल्ला काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडलं. मग कॅलेंडरच्याच खिळ्यावर तिने बिल्ला टांगला, आणि तो हलायचा थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.