चोरट्या ओतिलियाची विहीर

मागच्या गल्लीतल्या दारातून आत न्यायला लागले तेव्हाच ओतिलिया रुवाल्काबाच्या कपाळाला आठी पडली. डोंगरातल्या साकातेकास शहरात येऊन दीड दिवस झाला होता आणि एवढ्या वेळात तिनं कशालाच नाव ठेवलं नव्हतं. ना चढावांना, ना अंगात शिरणाऱ्या वाऱ्याला, ना सकाळच्या पाणचट कॉफीला. पण हे बुटकं दार दिसल्यावर ती जी थांबली, ती मागची सगळी म्हातारी मंडळी एकमेकांवर आदळली.

"पुढच्या दाराला काय धाड भरलीय?" तिनं विचारलं.

"पुढचं दार हॉटेलात राहणाऱ्यांसाठी आहे, आजी," गाइड म्हणाला. "तिकीटवाल्यांनी इकडून. हे नोकरांचं दार होतं. खरी मजा इथूनच सुरू होते."

गाइडचं नाव लेओबार्दो. पंचविशीचा पोरगा, अंगात काळा झगा, कमरेला पत्र्याची तलवार आणि पायात मात्र धावायचे बूट. घराघरातली भुतं दाखवणं हा त्याचा धंदा. इतर घरांत फेरी अंधार पडल्यावर असते, पण माँतेर्रेईच्या शिवणकारखान्यातून निवृत्त झालेल्या या बायकांना आठच्या आत जेवून झोपायचं असतं, म्हणून त्यांच्यासाठी भुताला भर दुपारी बाराला उठवलं होतं.

"चल गं कोमाद्रे, दार ते दार," मागून चोनिता म्हणाली. चोनिताच्या थोरल्या लेकाची ओतिलिया धर्ममाता. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, एकमेकींच्या चुली फुंकत आणि एकमेकींचं सगळं जाणत. असं निदान चोनिताला वाटत होतं.

या सगळ्याला कारण चोनिताच होती. दोन महिन्यांपूर्वी ती लेकासुनेबरोबर इथे येऊन गेली आणि येताना फ्रिजला चिकटवायचं एक लोहचुंबक घेऊन आली. त्यावर विहीर, विहिरीतून वर आलेला गोरापान हात, आणि खाली अक्षरं: चोरट्या ओतिलियाची विहीर. "तुझ्या नावाची निघाली बघ एक भामटी," असं म्हणून चोनिता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. ओतिलियाही हसली. मग दोन महिने ती चोनिताकडे गेली की दुधाची पिशवी काढायच्या निमित्तानं त्या फ्रिजसमोर उभी राहायची. शेवटी निवृत्त बायकांच्या सहलीची यादी लागली तेव्हा तिनं पहिलं नाव घातलं. प्रवासाचा तिला मनस्वी कंटाळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळ्यांना नवल वाटलं.

लेओबार्दोनं त्यांना स्वयंपाकघरातून नेलं. चूल पुसूनपुसून गुळगुळीत केली होती आणि तिच्यात मेणबत्त्या लावल्या होत्या. तिथून दिवाणखाना. भिंतीवर पुरुषभर उंचीचा रंगवलेला फोटो होता. नवरी, नवरा आणि मधोमध आडव्या बांध्याची, काळ्या रेशमातली बाई.

"ही घराची मालकीण, दोन्या ग्लाफिरा उर्दियालेस," लेओबार्दोनं आवाज खाली आणला. "तिच्या डोक्यात बघा. चांदीची फणी, वर डाळिंबांची नक्षी. हीच ती फणी. नीट बघून घ्या मंडळी, कारण ओतिलियानं चोरल्यावर ती पुन्हा कुणाच्या नजरेस पडली नाही."

बायकांनी माना वर करून फणी बघितली. ओतिलियानं चष्मा चढवला आणि फणी बघितली. मग नवरीचा चेहरा बघितला आणि मग फोटोच्या खालच्या कोपऱ्यातला छायाचित्रकाराचा शिक्का. सोळाव्या वर्षी तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. वाचायला ती शिकली कारखान्यातल्या रात्रशाळेत, तिशी उलटल्यावर. शिक्का तिनं दोनदा वाचला, तोंडातल्या तोंडात, ओठ हलवत. आतून काहीतरी सर्रकन वर आलं. दुःख असेल असं तिला आधी वाटलं, पण तो निव्वळ संताप होता, आणि तो तिला बरा वाटला.

कपडे धुवायच्या चौकात विहीर होती. कठड्यावर पितळी पाटी, तिच्यावर तेच शब्द आणि खाली १९६९. शेजारी काचेच्या पेटीत पांढऱ्या चामड्याचे, टाचेचे, नाजूक बूट.

"दुसऱ्या घरांची भुतं दोनदोनशे वर्षांची," लेओबार्दो म्हणाला. "आमचं भूत तरुण आहे. सोळा वर्षांची मोलकरीण, दिसायला चांगली, मनानं खोटी. मालकिणीनं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं आणि हिनं फणीवर डल्ला मारला. चोरी उघडकीला आली, पाप सहन होईना. पहाटे बूट इथे काढून ठेवले आणि," त्यानं झगा पसरून विहिरीवर झेप घेतल्याचं सोंग केलं. "प्रेत मिळालं नाही. बायांनो, केसातली पिन आत टाका. ओतिलियाला दागिन्यांची हाव आहे. ती पिन ठेवून घेते आणि तुमची हरवलेली वस्तू परत करते."

चोनितानं लगेच केसात हात घातला. गेल्या खेपेलाही तिनं एक टाकली होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे खरंच घरी गेल्यावर चष्मा सापडला होता.

"ठेव ती डोक्यात," ओतिलिया म्हणाली. "ते बूट माझे नाहीत."

कुणालाच कळलं नाही. लेओबार्दो हसला. "कुणी म्हटलं तुमचे आहेत, आजी?"

"तूच तर म्हणतोयस मघापासून. ते माझे नाहीत. माझे मालकिणीच्या लेकाचे जुने बूट होते, काळे, दोन बोटं मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेले. असले बूट मला कुणी दिले असते तर मी ते घालून गेले असते."

चोनिताचा हात केसांतच राहिला.

"कोमाद्रे, ऊन लागलं का तुला?" तिनं हळूच विचारलं.

"ऊन नाही लागलं. मी चार वर्षं या घरात कपडे धुतलेत, चोनिता. तुला सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं. चोर म्हणून हाकललेली बाई, हे काय गावभर सांगायचं असतं?" मग ती गाइडकडे वळली. "हात घाल आत. डावीकडे, कोपरापर्यंत. एक लोखंडी कडी लागेल. बादलीचा दोर मी तिथे बांधायचे, वरच्या खुंटीला बांधला तर मालकिणीला दिसायचा आणि तिला ते आवडायचं नाही."

लेओबार्दोनं झग्याची बाही वर केली, हात घातला, चाचपडला. मग तो तसाच वाकून राहिला. सहा वर्षं तो रोज या कठड्याला टेकून पोट भरत होता आणि ती कडी त्याला माहीत नव्हती.

"आहे," तो म्हणाला.

मग तिनं सांगितलं. न रडता, हुंदके न देता, कारखान्यात मुकादमाला हिशेब सुनवायची त्या आवाजात. फणी सापडेना म्हणून दोन्या ग्लाफिरानं सगळ्यांदेखत तिचं गाठोडं उपसलं, आतले कपडे काठीनं उचलून दाखवले, दोन थोबाडीत दिल्या. सकाळी पाद्री येईल, मग पोलीस, म्हणाली. ओतिलियानं रात्रभर याच कठड्याला पाठ लावून विचार केला. फणी तिनं घेतली नव्हती. या घरातली एक सुईसुद्धा आपल्याकडे निघता कामा नये, असं तिनं ठरवलं. एप्रन त्यांचा होता, तो घडी करून कठड्यावर ठेवला. बूट त्यांचे होते, ते वर ठेवले. आणि पुढच्या दाराचा अडसर काढून ती अनवाणी चालती झाली. त्या दारातून ती पूर्वी कधीच गेली नव्हती. नोकरांना परवानगी नव्हती.

"आणि यांना वाटलं मी जीव दिला," ती म्हणाली. "रिकामे बूट दिसले की यांना बाई मेलेलीच दिसते. चालत गेली असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही."

एव्हाना कुणीतरी हॉटेलच्या व्यवस्थापिकेला बोलावून आणलं होतं. मारिबेल ओसुना तिचं नाव. चापूनचोपून बांधलेले केस, छातीवर नावाची पट्टी, चेहऱ्यावर समजूतदार हसू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ओतिलियाचा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकते. पण ही दंतकथा आहे. ओतिलिया नावाच्या पुष्कळ बायका होत्या त्या काळी. आपण छान कॉफी घेऊ या का? हॉटेलकडून."

"इथली कॉफी सकाळी प्यायलेय दुसऱ्या एका ठिकाणी, तुमचीही तसलीच असेल," ओतिलिया म्हणाली आणि हात सोडवून घेतला. "दंतकथा आहे तर पाटीवर साल कशाला?"

"लोकांना खरं वाटावं म्हणून."

"मग खरंच बघू. चला."

ती चालू लागली. तिला रस्ता विचारावा लागला नाही. बावीस म्हाताऱ्या, एक झगेवाला आणि एक व्यवस्थापिका असे सगळे तिच्या मागोमाग दिवाणखान्यात गेले. ओतिलियानं फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"वाच रे पोरा. मोठ्यानं."

लेओबार्दोनं वाचलं. "चौदा सप्टेंबर, एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

"नवरी कोण?"

"मालकिणीची मुलगी. धाकटी."

"मी गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मीच तिच्या वेण्या घालायचे. चोरी एकोणसत्तर सालची. फोटो चौऱ्याहत्तरचा. आणि डाळिंबं मोज. पाचातलं एक गळालेलं आहे, उजवीकडचं. ते मी यायच्या आधीच गळालं होतं, म्हणून ती बाई फणी तिरपी खोचायची."

लेओबार्दोनं मोजली. मग बोट न लावता पुन्हा मोजली. त्याचे कान लाल झाले. गेली सहा वर्षं तो रोज याच फोटोखाली उभा राहून सांगत होता की ही फणी पुन्हा कुणाच्या नजरेस पडली नाही, आणि हजारो माणसांनी माना वर करून ती बघितली होती.

"म्हणजे सापडली होती तिला," चोनिता म्हणाली. आवाज तिचा राहिला नव्हता. "सापडली आणि सटवीनं कुणाला सांगितलं नाही. लेकीच्या लग्नात मिरवली."

"कशाला सांगेल? मेलेल्या पोरीची माफी मागावी लागत नाही."

इतकी वर्षं ओतिलियाला वाटत आलं होतं की आपणच चोर आहोत असा मालकिणीचा निदान खरा समज तरी होता. तिनं हिरव्या स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा चौकाकडे निघाली.

व्यवस्थापिका आता भरभर बोलत होती. मालकांना कळवावं लागेल. पाटीचा विचार होईल. पण विहिरीवरची खोली वर्षभर आधीच भरलेली असते, आणि ती का भरते हे बाईंनी समजून घ्यावं. जिवंत, निर्दोष मोलकरणीला बघायला कोण येणार? शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं, हे तिला बोलल्यावर कळलं.

ओतिलियानं पर्स उघडली आणि बोटाएवढा पेचकस काढला. शिवणयंत्राची सुई बदलायचा. एकतीस वर्षं तो तिच्या खिशात होता. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तो घेतल्याशिवाय ती बाहेर पडत नसे.

"हे काय करताय?"

"चार स्क्रू आहेत. दोन मिनिटांचं काम."

"बाई, ही हॉटेलची मालमत्ता आहे. हात लावलात तर ती चोरी होईल."

त्या चौकात तो शब्द ऐकल्यावर चोनितानं आपली पर्स उघडली आणि आपला पेचकस काढला. तिच्या मागे आणखी एकीनं काढला. मग आणखी सहासात जणींनी. त्यांच्या कारखान्यातली एकही बाई तो घरी ठेवत नव्हती. त्या विहिरीभोवती उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून, आणि व्यवस्थापिकेला पलीकडचं काही दिसेना.

तीन स्क्रू सरळ निघाले. चौथा गंजला होता. ओतिलियाच्या पेचकसाला तो दाद देईना तसा लेओबार्दो पुढे आला. त्यानं पत्र्याची तलवार पाटीखाली घातली आणि नेट लावला. तलवार वाकली, पण स्क्रू सुटला.

"तुझी नोकरी जाईल रे," ओतिलिया म्हणाली.

"जाऊ दे, आजी. दोन वाजता पुढची मंडळी येतील. त्यांना काय सांगू ते सांगा."

"बूट होते तेवढं सांग. आणि ती पुढच्या दारानं गेली, ते सांग."

तिनं पाटी हातात घेतली. पितळ जाडजूड होतं, चांगलं वजनदार. व्यवस्थापिका वाट बघत होती, आता ही ती पर्समध्ये टाकेल आणि मग आपल्याला हिला चोर म्हणता येईल. ओतिलियानं पाटी उलटी केली, अक्षरं दगडावर पालथी घातली आणि कठड्यावर नीट ठेवून दिली. चारही स्क्रू तिच्यावर मांडले.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "तुमचं आहे, इथेच आहे."

मग ती गल्लीच्या दाराकडे न जाता उलट्या बाजूला वळली. चोनिता तिच्या दंडाला धरून चालत होती. वाटेत तिनं स्वतःच्या पर्समधून किल्ल्या काढल्या आणि पुन्हा आत टाकल्या, उगाचच. "तो मेला चुंबक मी घरी गेल्यावर जाळते," ती पुटपुटली. चुंबक जळत नाही हे ओतिलियानं तिला सांगितलं नाही.

पुढच्या दारावर करड्या गणवेशातला माणूस उभा होता. त्याला आत काय झालं याचा पत्ता नव्हता. स्वेटर घातलेल्या, गळ्यात सहलीची पट्टी अडकवलेल्या दोन म्हाताऱ्या येताना बघून त्यानं अदबीनं हात आडवा केला.

"माफ करा, बाई. हे दार फक्त इथे राहणाऱ्यांसाठी आहे."

"राहिलेय," ओतिलिया म्हणाली. "चार वर्षं."

त्यानं हात खाली केला.