मनोरमा गप्प बसत नसे

नंदाखालच्या वाडीत, सदानंदच्या अंगणात कीर्तन म्हटलं की दोन आवाज ठरलेले असत. एक त्याच्या बायकोचा, मनोरमेचा, बुवांना प्रश्न विचारणारा. दुसरा सदानंदच्या खोकल्याचा. ती बायकांच्या बाजूला मांडवाच्या सुपारीच्या खांबाला टेकून बसे, हा पुरुषांत. "बुवा, एक विचारू?" एवढं तिच्या तोंडून निघालं की याच्या घशात काहीतरी अडके. सगळं अंगण हसे आणि ती खुशाल विचारून मोकळी होई.

एकदा म्हाताऱ्या बुवांनी दानाचं आख्यान असं रंगवलं की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. भक्तानं दारी आलेल्या साधूंना घरातलं होतं नव्हतं ते धान्य वाटलं, कणगीसुद्धा झाडून दिली. तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला, "बुवा, मग त्या दिवशी त्याच्या बायकोनं पोरांच्या ताटात काय वाढलं?"

सदानंद खोकला. बुवांनी चिपळ्या खाली घेतल्या नि मनापासून हसले. "मनोरमाबाई, हे मला माझ्या गुरूंनी नाही सांगितलं. शोधतो." पुढच्या वर्षी त्याच आख्यानात त्यांनी एक शेजारीण आणली, पदराखाली भाकऱ्या झाकून मागच्या दारानं येणारी. ती आत शिरली तशी सगळ्यांत आधी मनोरमाच रडली.

"देवाच्या दारात असं मध्ये बोलतात का?" सदानंदनं पाहुणे गेल्यावर विचारलं होतं.

"देवाच्याच दारात बोलायचं. गप्प बसलेलं माणूस देवाला झोपलेलं वाटतं."

ती जाऊन आता वर्ष झालं. त्याआधीच म्हातारे बुवाही गेले होते. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी कीर्तन ठेवायचं सदानंदनं ठरवलं. तुळिंजला राहणारा मुलगा केयूर म्हणाला, "बाबा, इकडे हॉल घेऊ ना, एसी आहे."

"तिचा खांब हॉलमध्ये कुठून आणशील?" एवढंच सदानंद बोलला.

नवे बुवा मात्र थोरल्या भावानं, दिवाकरदादानं ठरवले. दादा देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. बुवांशी सगळं बोलणं त्यानंच केलं, त्यामुळे मनोरमा कशी होती हेही बुवांना त्याच्याच तोंडून कळलं.

पूर्वरंग झाला. बुवांना बुक्का लावला, वाडीतल्या सोनचाफ्याचा हार घातला. पेटीवाल्यानं सूर धरला आणि बुवांनी उत्तररंगाला हात घातला. नवरा तीर्थाला गेला. बायको उंबऱ्यावर दिवा लावून वर्षानुवर्षं वाट बघत बसली. तिनं कोणापुढे ब्रसुद्धा काढला नाही, देवापुढेही नाही.

"आणि या घरची माउली तशीच होती!" बुवांचा आवाज चढला. "दिवाकररावांनी मला सांगितलं. कोणाला उलट शब्द नाही. थोरल्या दिरांच्या आज्ञेबाहेर पाऊल नाही. सोशीक! मूर्तिमंत मौन!"

सदानंदनं मान वळवून पाहिलं. दादा डोळे मिटून डोलत होता.

याच दादानं विहिरीच्या वाटेवर लोखंडी फाटक बसवून त्याला कुलूप ठोकलं होतं. पलीकडच्या घरातल्या रोझमेरीचं प्यायचं पाणी त्या विहिरीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरमा विळी आणि भाजीची टोपली घेऊन फाटकासमोर बसली. "भाऊजी, एकतर कुलूप काढा, नाहीतर शेंगा सोलायला बसा." दादा चिडला, ओरडला, जेवायला घरी गेला. ती तिथेच जेवली. आठवडा सरायच्या आत फाटक निघालं. आज ते रोझमेरीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागलंय.

आणि म्हणे मूर्तिमंत मौन.

सदानंदला वाटलं, आज हे असंच आरतीपर्यंत गेलं, तर उद्यापासून गावात हीच मनोरमा उरेल. नातवंडंही हिलाच आजी म्हणून ओळखतील. त्यानं सवयीनं खांबाकडे पाहिलं. जागा रिकामी होती. शेजारी रोझमेरी बसली होती, ओठ घट्ट मिटून.

तो उभा राहिला. केयूरनं सदरा ओढला. "बाबा, कीर्तन चालू आहे!"

"बुवा, एक विचारू?"

शब्द तिचे आणि आवाज आपला, हे ऐकून तो स्वतःच दचकला. पेटी थांबली. आणि पुरुषांच्या रांगेतून खोकला आला, चांगला खणखणीत. दादाचा.

"दिवाकरभाऊ, खडीसाखर देऊ का हो?" रोझमेरीनं बसल्या जागेवरून विचारलं. बायकांच्या बाजूला हशा पिकला.

"बुवा, तुमचा दोष नाही," सदानंद म्हणाला, "पण हे खोटं आहे. माझी बायको गप्प बसत नसे. तिचं देवावर प्रेम होतं म्हणून ती देवाशीसुद्धा भांडायची. ती गेली. आता गेल्यावर तिला गप्प बसवू नका."

"सदा, खाली बस! गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं."

"चांगलंच बोलतोय दादा. तिला उणी तू केलीस."

"आमच्या फादरलासुद्धा सोडलं नव्हतं तिनं," रोझमेरी उठलीच. "सणाच्या मिस्साला आली नि प्रवचन संपल्यावर दारात गाठलं त्यांना. म्हणे, फादर, बापानं माफ केलेल्या उधळ्या पोराची गोष्ट झकास, पण त्याची आई कुठं होती? आणि फाटकाचं मी सांगू की दिवाकरभाऊ सांगतात?"

दादानं टोपी सारखी केली.

बुवा वयानं लहान, पण माणूस सरळ होता. पुन्हा झांज उचलू बघणाऱ्याला त्यांनी हातानं थांबवलं. दोन्ही चिपळ्या एका हातात घेतल्या. "चुकलं. त्या माउली आज इथं असत्या तर आत्ता मला काय विचारलं असतं?"

अंगण सदानंदकडे बघू लागलं. त्याला फार शोधावं लागलं नाही.

"तिनं विचारलं असतं, बुवा, नवरा तीर्थाहून आला, मग एकदा तरी बायकोला म्हणाला का, आता तू जा, दिवा मी लावतो?"

बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "हे मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी उत्तर घेऊन येतो."

"म्हातारे बुवाही असंच म्हणाले होते, आणि त्यांनी शब्द पाळला. पण आज नाही चालायचं. आज तिचा दिवस आहे. आत्ता सांगा. आम्ही बसलोय."

दादा पुन्हा खोकला. सदानंदनं मागं वळून पाहिलं नाही. पुरुषांची रांग ओलांडून तो सरळ बायकांच्या बाजूला गेला. रोझमेरी सरकली. तो सुपारीच्या खांबाला पाठ टेकून मांडी घालून बसला.

बुवांनी चिपळ्या पुन्हा सावरल्या. मग पेटीवाल्याला खूण केली आणि आख्यान पुन्हा उचललं, या वेळी नवरा परत येतो तिथून.