जपून ठेवलेल्या सुया

विनिताने पाण्याचा तांब्या उचलला, न पिताच खाली ठेवला आणि एकदाचं सांगून टाकलं.

"काकू, हरेशच्या रक्तात एचआयव्ही निघाला."

आईला हे सांगायची हरेशची छाती झाली नव्हती. 'तुम्हीच सांगा' म्हणून तो वालीवला कारखान्यात निघून गेला होता. चार वर्षं तो गर्दचं इंजेक्शन घेत होता. ते एका दिवसात सुटत नाही. तोवर निदान दुसऱ्याची सुई तरी नको, म्हणून विनिताची संस्था नव्या सुया वाटायची. खिशात सुई सापडली की पोलीस आधी हात उचलत, मग नाव विचारत. म्हणून वर्षभर ती दर सोमवारी गास गावी त्याच्या घरी येऊन सुया हंसाकाकूंच्याच हाती देत होती. शेजारी कुणी विचारलं, तर काकू बेधडक सांगायच्या, पोलिओवाली बाई आहे. वापरलेल्या सुया आपण वाडीत पुरतो, असंही त्या सांगायच्या, आणि विनिताने त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

काकू रडल्या नाहीत. उठून त्यांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. आत न फोडलेल्या सुया नीट रचून ठेवल्या होत्या.

"मग लागन झाली कशी? बघ, एक पन वाया नाय घालवली मी."

"त्याला दिल्याच नाहीत?"

"आठवड्याला एक देते. हाताशी जास्त असल्या तर जास्तच टोचल ना तो! आमचे जुने डाक्टर एकच सुई उकळून गावाला टोचायचे. मी पन रोज कढत पान्यातून काढते."

नवं जपायचं आणि जुन्यावर भागवायचं, ही घरोघरच्या बायकांची रीत. विनिताला काकूंचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

"ती सुई एकटा हरेशच घ्यायचा ना?"

"शेजारचा प्लासिड येतो ना. एका वक्ताला दोन कशाला फोडायच्या?"

काकूंनी डबा पुढे ओढला.

"आता रोज एक देऊ त्याला?"

"द्या. प्लासिडलाही वेगळी द्या. आणि त्याला रक्त तपासायला पाठवा."

काकूंचा हात डब्यातच थांबला. त्यांनी दारातून कुंपणापलीकडे पाहिलं. प्लासिडची बायको क्लेमेंटीन एका हाताने कंबर धरून दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"बाय," काकू हळूच म्हणाल्या, "तिला सातवा लागलाय."