साडेसातचा पंप आणि तेरावी पायरी

गुणाबाईंच्या विहिरीवरची मोटर जळली तेव्हा अख्ख्या उचगावात एकच माणूस मनातून खूश झाला, आणि तो नेमका त्यांचा नवरा होता.

मारुतीराव दिवाळीला रिटायर झाले होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तेहतीस वर्षं त्यांनी पंपांची कास्टिंगं ओतली होती. घरी बसल्यापासून मात्र त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मिरची कधी तोडायची, कुठल्या बाजाराला न्यायची, सगळं गुणाबाई ठरवायच्या. मारुतीराव मध्ये बोललेच तर त्या सगळं नीट ऐकून घ्यायच्या आणि स्वतःला हवं तेच करायच्या. आता पंप घ्यायचा होता आणि पंपातलं कळणारं घरात एकच माणूस होतं. उन्हानं मिरचीनं माना टाकायला सुरुवात केली होती, तरी मारुतीरावांनी आधी शर्टाला इस्त्री केली.

शेजारच्या मष्णूचा पंप पाच एचपीचा, म्हणून आपण साडेसातचा घ्यायचा, हे त्यांचं निघायच्या आधीच ठरलं होतं. टेम्पो मष्णूचाच होता, त्यामुळे हे त्याला सांगितलं नव्हतं.

बेळगावातल्या दुकानाचा मालक पार्श्वनाथ मूळचा निपाणीकडचा, शांत माणूस. मारुतीराव दुकानात शिरले ते थेट पंपांपुढे उकिडवे बसले. बोटाच्या पेरानं एकेक पंप वाजवायचा, कान लावायचा, मान हलवायची. शेवटी साडेसातच्या धुडावर त्यांनी मायेनं हात फिरवला.

"वजन बघ, मष्णू. ह्येला म्हणत्यात लोखंड. ह्योच द्या."

"देतो की, आप्पा," पार्श्वनाथ म्हणाला. "विहिरीला पाणी किती हाय?"

"लई हाय."

"उपसल्यावर परत भराय किती येळ लागतोय?"

"भरतंय की."

"आधीची मोटर किती तास चालत हुती?"

मारुतीराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. हजारो पंप त्यांच्या हाताखालून गेले होते, पण स्वतःच्या विहिरीवरचं बटण त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं. सकाळी ते बस पकडायचे आणि मागं गुणाबाई पाणी पाजायच्या. हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"वैनींस्नी फोन लाव की, दादा," मष्णू म्हणाला.

"तिला काय कळतंय पंपातलं?"

"एवढा मोठा बसवलासा आणि विहीर आटली, तर मोटर कोरडी फिरून जळती," पार्श्वनाथ म्हणाला. "मग मला शिव्या घालशीला."

फोन लावावा लागला. मष्णूनं हळूच स्पीकर चालू केला.

"सकाळी आठवी पायरी बुडालेली असती," गुणाबाई मिरचीतूनच बोलत होत्या. "तीन एचपी दोन तास चालली की तेरावी उघडी पडती. मग बंद करायची. सांजंला पाणी परत आठवीवर येतंय. का वो? केवढा घेतलासा?"

"साडेसातचा बघतोय."

"अवो, अर्ध्या तासात तळातली कासवं उन्हात येऊन बसतील!"

सगळं दुकान हसलं. मारुतीरावांचे कान तापले. एवढं एक काम आपल्या वाट्याला आलं होतं, तेही हातचं गेलं, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

"तीनचाच घ्या," गुणाबाई म्हणाल्या. "आणि तीनात कुठला चांगला ते मला इचारू नका. मला त्यातलं काय कळतंय? त्येच्यासाठी तर तुमाला धाडलंय."

फोन बंद झाला. मारुतीरावांनी घसा खाकरला आणि तीन एचपीचे चार पंप ओळीनं मांडायला लावले. वाजवता वाजवता ते तिसऱ्यापाशी थांबले. पुन्हा वाजवलं. मग एका जागी नखानं रंग खरवडला, तर आतून लोखंडाऐवजी लांबीची पुट्टी निघाली.

"कास्टिंगला भोक पडलं हुतं. बुजवून वर रंग मारलाय," ते म्हणाले. "ह्यो परत धाडा."

पार्श्वनाथनं तो पंप बाजूला काढला आणि मारुतीरावांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

त्यांनी निवडलेला चौथा पंप दुसऱ्या दिवशी दुपारी बसला. सरीतून पाणी मिरचीपर्यंत गेलं तसं गुणाबाई म्हणाल्या, "उद्यापासनं मोटर तुमी बघायची. लाईट सहाला येती. तेरावी दिसली की बंद. चुकायचं न्हाय."

"बरं," मारुतीराव म्हणाले.

सकाळी साडेपाचलाच ते विहिरीच्या काठावर हजर होते. अंगात फौंड्रीचा खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. लांबून गुणाबाईंनी हाक मारली, "अवो, अजून अर्धा तास हाय. घरात या की!"

"ड्युटी सोडून कसं येऊ?" मारुतीराव ओरडले, आणि खाली वाकून पायऱ्या मोजू लागले.