मारुतीसमोर बोटं मोडणारी गाडी

कट् कट् कट् कट्!

मसाजीची गाडी मारुतीला वळसा घालू लागली आणि जमलेली शंभरेक माणसं घाईनं मागं सरली. एका म्हातारीनं नातवाचे कान झाकले.

हिंगोली जिल्ह्यात डोंगरकडा लागतं, त्याच्या अलीकडचं हे गाव. घरी वाहन आलं की आधी मारुतीला पाच प्रदक्षिणा, ही इथली रीत. ट्रॅक्टरांनी घातल्या, मोटारसायकलींनी घातल्या, कुणाचं काही अडलं नाही. मसाजीनं नांदेडहून आणलेली ही जुनी पांढरी गाडी मात्र सरळ सडकेनं गुमान आली आणि देवाभोवती फिरताना कटकटू लागली. चार दिवस झाले, रोज तोच प्रकार. भीतीनं तिला दुसरीकडं कुणी नेतही नव्हतं.

"आत बाई हाय," मसाजीची बायको गोजरबाई पुटपुटली. "कडाकडा बोटं मोडून राहिली." भांडणात बायका बोटं मोडून तळतळाट देतात, तो आवाज गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

अशा वेळी बाबा न बोलावता उगवतातच. माळावरच्या मठातले प्रभूबाबा गाडीत बसले, सरळ सडकेनं फर्लांगभर जाऊन आले. आवाज नाही. मिशीला पीळ देत ते उतरले.

"बघितलं? माझ्या मांडीखाली दबली. देवाजवळ आली की तडफडती. आधीच्या मालकाची बायको हाय. बाळंतपणात गेली, याच गाडीत!"

आधीचा मालक कोण, हे गाडी घेणाऱ्या मसाजीला माहीत नव्हतं. बाबांना त्याच्या बायकोचं बाळंतपणसुद्धा ठाऊक होतं! मग निवाडा झाला. गाडी एकवीस दिवस मठात ठेवायची. आणि मसाजीची सून मंजुषा, दिवस भरत आलेली, पहिल्या दिवशी गाडीत बसली होती ना? बाधा तिच्या पोटात उतरली.

"हिनं वेस ओलांडली तर लेकरू हाती लागायचं न्हाई. बाळंतपण घरीच करा, माझ्या अंगाऱ्यावर."

मंजुषानं दिवस मोजले. पोटातलं बाळ आडवं आहे, सोमवारी भरती व्हा, घरी प्रयत्न केलात तर दोघंही जाल, असं कळमनुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आज शनिवार. वेस ओलांडली तर लेकरू जाणार, नाही ओलांडली तर लेकराबरोबर आपणही. घरात कुणी तिच्या डोळ्याला डोळा देईना. नवरा दिपक तर अंगाऱ्याची पुडी घेऊनच आला. तिनं न्हाणीघरात जाऊन नणंदेला फोन लावला. पुनम आयटीआय करून हिंगोलीच्या एका गॅरेजात मेकॅनिक होती.

"पुनम, मला मारून राहिलेत गं हे."

पुनमनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "वहिनी, रडू नका. आवाज कुठून येतो?"

"पुढच्या डाव्या चाकातून. मी मागं डावीकडंच बसले होते."

"उजवीकडं वळताना. आन् डावीकडं वळताना?"

"ते कुणी बघितलंच न्हाई. प्रदक्षिणा उजव्या हातानंच असती ना."

"बस्स. उद्या सकाळी येते."

रविवारी पुनम पारावर उतरली तेव्हा बाबा गाडी न्यायला आलेच होते. तिनं भावाला सांगितलं, "दादा, त्या उकिरड्याला उजव्या हातानं एक चक्कर मार."

कट् कट् कट् कट्!

"काहून बाबा, भूत उकिरड्यालाबी भेतं का?"

पोरं फिसकली. बाबांचा चेहरा पडला. "ती पिसाळली आता! कुठंबी वराडंल!"

"मंग दादा, आता मारुतीला उलटं फिरव."

हसू जिथल्या तिथं विरलं. देवाला उलटी फेरी? दिपकनं स्टेअरिंगवरचे हात काढून घेतले. गोजरबाईनं तोंडावर हात मारून घेतला. तेव्हा मंजुषा पुढं झाली आणि दार उघडून आत बसली. उद्या सोमवार होता.

"चालवा हो. घरी बसूनबी मरायचंच हाय."

गाडी डावीकडं वळली. मंजुषानं डोळे गच्च मिटले आणि पोट दोन्ही हातांनी धरलं. एक फेरी. दोन. पाच झाल्या. चाकाखालच्या खड्यांचा तेवढा आवाज.

पुनमनं जॅक लावला, चाक काढलं. आतल्या बाजूला काळं ग्रीस उडून थापलं होतं. तिनं बापाला, मसाजीला, बोट लावून दाखवलं.

"इंजिनाची ताकद चाकाला देणारा हा एक्सल. त्याच्या टोकाला जॉइंट, त्यात लोखंडाच्या गोळ्या, वरून रबराचा बूट. बूट फाटला, ग्रीस उडालं, मुरमाची धूळ आत गेली, गोळ्या झिजल्या. उजवीकडं वळताना डाव्या चाकावर भार येतो, तवा त्या खडखडतात. सरळ चालली की गप. अण्णा, असंच चालवलं असतं तर हा भर रस्त्यात तुटला असता."

तिनं सोबत आणलेला एक्सल दुपारपर्यंत बसवला. काढलेल्या जॉइंटचं टोक वाकवून मंजुषाच्या हातात दिलं. मंजुषानं ते फिरवलं. कट् कट्. तिनं पुन्हा फिरवलं, मग सासूपुढं धरलं.

"आत्याबाई, तुमी फिरवा."

गोजरबाईनं भीत भीत फिरवलं आणि ती मटकन खाली बसली. "अगं माय! ह्याच्यापायी मी तुला घरात कोंडून राहिले होते?" बाबा तोवर माळाच्या वाटेला लागले होते.

सोमवारी त्याच गाडीतून मंजुषा कळमनुरीला गेली. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. डॉक्टर मसाजीला म्हणाले, "कळा घरी सुरू झाल्या असत्या तर दोघींतली एकही हाती लागली नसती."

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण भ्यालेल्या माणसानं अंगारा लावण्याआधी आवाज कुठून येतो एवढं विचारावं, आणि जाणत्या माणसाकडून चाक खोलून घ्यावं. मसाजीच्या घरात ते विचारणाऱ्या नणंदेला एका भ्यालेल्या सुनेनं फोन लावला, म्हणून आज तिथं पाळणा हलतो आहे.