दोन गाठींची पिशवी

तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात सुशीलाबाईंनी पिशवीची गाठ सोडायला घेतली आणि समोरचं दार उघडलं. दारात मंदाकिनीबाई, हातात चहाचा कप.

"सुशीलाबाई, जिना आपण पुसता का?"

"न्हाय बाई. पुसायला दुसरी येतीया."

"मग घाण करायचा मान आपल्याला कोणी दिला?"

"घाण न्हाय वो. साली तेवढ्या पाटीत वतून घेती, पिशवी हितंच ठिवती. म्हशीला पिशवी कशाला?"

"पिशवीसकट न्यायची. गाठ जिन्यात सोडायची नाही. नियम खाली फळ्यावर लावलाय. वाचता येत नसेल तर ऐकता तरी येतं ना?"

दार बंद झालं. सुशीलाबाईंनी पिशवी पाटीत टाकली आणि पुढचं दार वाजवलं.

कात्रजच्या घाटाखालचं हे गाव शहरानं गिळलं त्याला बरीच वर्षं झाली. ज्या रानात सुशीलाबाईंनी लग्नानंतरची पहिली खुरपणी केली, त्या रानात आता ही सात मजल्यांची सोसायटी उभी होती आणि त्या तिथं चार घरची भांडी घासत होत्या. कडबा नाही, बांध नाही, गवताची काडी नाही. तरी अख्ख्या गावठाणात शेवटची म्हैस त्यांचीच होती. चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, आठवा महिना भरलेला. सोसायटीतल्या चोवीस घरांच्या भाजीच्या साली, मटारची टरफलं, कोबीची पानं खाऊन चंद्री जगत होती. सुशीलाबाई हे गेली सहा वर्षं न बोलता करत होत्या, तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

नाव दिलं मंदाकिनीबाईंनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखाली पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी सोसायटी हाताखाली घेतली. हरित समिती निघाली. 'रोज एक छोटी सवय' असा फळा लागला. दात घासताना नळ बंद. भाजीला कापडी पिशवी. ओला कचरा वेगळा. अर्धा मागच्या खड्ड्यात, अर्धा म्हशीला. फळ्यावर चंद्रीचा फोटोसुद्धा चिकटवला. पाहुणे आले की मंदाकिनीबाई त्यांना फळ्यापाशी नेत, "ही आमची सभासद," म्हणून दाखवत. त्या फोटोचं सुशीलाबाईंना कौतुक होतं, खोटं कशाला बोला.

मग हिरव्या पिशव्या आल्या. विकायला एक टाय लावलेला माणूस आला होता. सभा भरली, सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. माणूस म्हणाला, ही प्लास्टिकची नाही, मक्यापासून केलीय, मातीत मिसळून जाते. आणि सगळ्यांच्या देखत त्यानं पिशवीचा तुकडा तोडला, चावला आणि गिळला. वर पाणी प्यायला. टाळ्या पडल्या. सुशीलाबाई ट्रे विसरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक घरात रोज दोन हिरव्या पिशव्या, एक खड्ड्याची, एक म्हशीची. वास यायला नको म्हणून मंदाकिनीबाईंनी सगळ्यांना दोन गाठी मारायला शिकवलं. घट्ट.

जिन्यात गाठ सोडायची बंदी, म्हणून पहिले आठ दिवस सुशीलाबाई घरी गोठ्यात बसून चोवीस पिशव्यांच्या अठ्ठेचाळीस गाठी सोडत. साबणानं हाताची कातडी आधीच सोललेली. नवव्या दिवशी अंगठ्याला नखुरडं झालं, बोट टम्म सुजलं. नवरा बद्रीनाथ मदतीला बसला, पण त्याचे हात दोन वर्षांपासून थरथरायचे. त्याला शर्टाचं बटण लागत नव्हतं, तिथं गाठ कसली सुटते? इळ्यानं पिशव्या फाडाव्यात, तर तुकडे सालीत मिसळत. समोर चंद्री भुकेनं दाव्याला हिसके देत होती.

सुशीलाबाईंनी पाटी तशीच तिच्यापुढं उपडी केली.

"अगं, पिशव्यांसकट?" बद्रीनाथ ओरडला. "मरंल की ती!"

"मक्याच्या हायत्या. माणसानं खाल्ली माझ्या म्होरं."

"माणसं काय बी खात्यात. जनावराला इचारलंस का?"

"तुमाला काय कळतंय? शिकल्याली लोकं हायती ती."

जन्मभर जिनं गुरांच्या तोंडातून प्लास्टिक ओढून काढलं, त्या बाईनं शिकलेल्या माणसाच्या एका घासावर विश्वास ठेवला. तिचं चुकलंच. पण त्या चुकीला टाळ्या पडलेल्या तिनं ऐकल्या होत्या.

मग रोज पाटी तशीच उपडी होऊ लागली. पंधरा दिवसांनी चंद्रीनं रवंथ सोडलं. डावी कूस फुगली, शेण बंद झालं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी कुशीवर थाप मारून पाहिली. मग म्हणाले, "पोट फाडावं लागेल. गाभण आहे. शब्द देत नाही."

सुशीलाबाई शिंगं धरून बसल्या. डॉक्टरांनी कूस चिरून कोपरापर्यंत हात घातला आणि काढत राहिले. हिरव्या पिशव्या, एकीत एक पिळवटलेल्या. काहींच्या दोन्ही गाठी तशाच. एकीच्या आत मटारची टरफलं होती, चंद्रीच्या पोटात असून चंद्रीला न मिळालेली. दुपार कलायच्या आत ती गेली. रेडकू पोटातच गेलं. बद्रीनाथ तिच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडत बसला, आणि तेच सुशीलाबाईंना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिशवी धुतली आणि मंदाकिनीबाईंच्या दारात धरली.

"ही तुमची मक्याची, बाई. चंद्रीच्या पोटातनं निगाली."

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "अरेरे. पण अहो, जनावराला पिशवीसकट घालतं का कोणी?"

"तुमीच म्हनला, पिशवीसकट न्यायची."

"न्यायची म्हटलं. घालायची म्हटलं नाही."

"त्या मान्सानं खाल्ली की वो!"

"त्यानं तुकडा खाल्ला, सुशीलाबाई. तुम्ही पोतंभर घातल्यात." त्या आत वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "गोठ्यात शेण उरलं असेल तर आणून टाका. खड्ड्याला विरजण म्हणून हवंय. वाया घालवू नका."

सुशीलाबाईंच्या तोंडात शिवी आली होती. चार घरची भांडी आठवली आणि ती त्यांनी गिळली. शेण मात्र दिलं नाही.

संध्याकाळी फळ्यावरून चंद्रीचा फोटो निघाला. त्या जागी 'लिफ्टऐवजी जिना' आला.

तीन महिन्यांनी खड्डा उघडला. समितीची माणसं जमली, कुणी मोबाइल धरला. साली कुजल्या होत्या, पानं कुजली होती, काळंभोर खत झालं होतं, आणि त्या खतात शेकडो पिशव्या जशाच्या तशा बसल्या होत्या. हिरव्यागार. मंदाकिनीबाईंनी काठीनं एक उचलली. गाठसुद्धा ढिली झालेली नव्हती.

मोबाइल धरलेला हात खाली आला. टाय लावलेल्या माणसाचा फोन लागला नाही.

"सुशीलाबाईंना बोलवा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यांना सवय आहे."

सुशीलाबाई आल्या. खड्ड्याच्या काठावर गोणपाट अंथरून दिलं होतं.

"सगळ्या पिशव्या काढायच्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आतलं खत खाली झटकायचं. आणि फाडू नका हं, तुकडे मिसळतात. एकेक गाठ नीट सोडायची."

सुशीलाबाईंनी मान वर केली. "आता सोडायची, बाई?"

"आता म्हणजे? मग कधी?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. घरी रिकाम्या दाव्याकडं तोंड करून बसणारा बद्रीनाथ होता आणि त्याच्या गोळ्या होत्या. सुशीलाबाई गोणपाटावर बसल्या. अंगठ्याचं गळून पडलेलं नख अजून पुरतं आलेलं नव्हतं. त्यांनी पहिली पिशवी मांडीवर घेतली, तळव्यात चेपली. आत मटारची टरफलं असावीत तसं काहीतरी हाताला लागलं.

मग त्यांनी दातात धरून गाठ ओढली.